पाठवला

मोडेमच्या खोक्यावरची धूळ त्याने शर्टाच्या बाहीने पुसली, ए आणि टी ही दोन अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर लगेच 'ओके' उमटलं. कित्येक वर्षांत त्या खोक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तरी पहिल्याच हाकेला त्याने ओ दिली. हा गुण माणसांत राहिलेला नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी ऐकवत असे.

"चालतंय का हो ते अजून?" काउंटरवरच्या बाईंनी काचेपलीकडून विचारलं.

"न चालायला काय झालंय? मी लिहिलेलं आहे."

बाई पुढच्या नळीकडे वळल्या. पंचवीस वर्षं त्या या लॅबमध्ये होत्या. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, रिपोर्ट लावणं, फोन घेणं, सगळं त्यांच्याकडे. मोडेमकाकांना उत्तर दिलं की उत्तर लांबतं, हे त्यांना पाठ होतं. मोडेमकाका हे त्याचं नाव लॅबनेच ठेवलेलं. तोंडावर मात्र सगळे सर म्हणायचे.

बावीस वर्षांपूर्वी लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांना आपोआप फॅक्स करणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. मोडेम कुठल्याही कंपनीचा असो, ठरलेल्या आज्ञांची एक भाषा सगळ्यांना समजते, आणि ती भाषा त्याला तोंडपाठ होती. त्यातही दोन वर्ग. दुसऱ्या वर्गात बोलाचालीचं बरंचसं काम मोडेम स्वतःच करतो आणि शेवटी निकाल सांगतो. पहिल्या वर्गात मोडेम फक्त आवाज काढतो. कधी बोलायचं, किती थांबायचं, समोरचा काय म्हणाला, हे सगळं प्रोग्रॅमने ठरवायचं. त्याने अर्थातच पहिला वर्ग निवडला होता. दुसऱ्याच्या हाती कारभार देणाऱ्यातला तो नव्हता.

आता रिपोर्ट मोबाइलवर जात होते. आज संध्याकाळी सहाला फॅक्सची लाइन कायमची तुटणार होती. त्याआधी यादीतल्या सगळ्या दवाखान्यांना तशी सूचना पाठवायची आणि मशीन बंद करायचं, एवढ्यासाठी त्याला बोलावलं होतं. यादीत एकेचाळीस नंबर होते. त्याने एकावरची खूण काढून टाकली. चाळीस राहिले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, रविवारचं काय ठरवलंत?"

"कसला रविवार?"

"माहीत नसल्यासारखं करू नका. मामा दवाखाना बंद करतोय. सोमवारी त्याच्या मुलाकडे, दादाकडे जातोय राहायला, कायमचा. आम्ही सगळे दुपारी तिथे जमतोय. तुम्ही या."

"त्या दवाखान्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"एकोणीस वर्षं झाली, बाबा."

"झाली ना? मग एकोणीस वर्षांत एकदा तरी कबूल करायचं होतं त्याने. रिपोर्ट आला होता, माझ्याकडून हरवला, एवढंच. खरा असता तर भांडला असता माझ्याशी. गप्प बसला. चोराच्या मनात चांदणं."

"तो तुमच्याबद्दल कधी वाकडा शब्द बोलला नाही."

"बोलेल कशाला? बोलायला जागा हवी ना!"

मुलगी म्हणाली, "मी संध्याकाळी परत फोन करते. तेव्हा मला नीट उत्तर द्या." आणि तिने फोन ठेवला.

यादीतून वगळलेला नंबर तिच्या या मामाचाच होता. मामा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, डॉक्टर. दोघं बरोबरीचे, लग्नाच्या आधीपासून अरे-तुरेतले, एका ताटात जेवणारे. बायकोला थकवा येऊ लागला, पायांवर सूज दिसू लागली, तेव्हा भावानेच रक्त तपासायला सांगितलं. "रिपोर्ट माझ्याकडे येईल. काही वेगळं दिसलं तर लगेच कळवतो," म्हणाला. तो शनिवार होता. शनिवारी काही कळवलं नाही, रविवारीही नाही. म्हणजे सगळं ठीक असणार. सोमवारी पहाटे ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली आणि ओट्यापाशीच गेली. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. रिपोर्टात तो आकडा स्पष्ट होता. शनिवारीच दवाखान्यात भरती केली असती तर ती वाचली असती, हे पुढे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं. त्याने तिघांनाही मुद्दाम विचारलं होतं.

मेहुणा म्हणत होता, रिपोर्ट मला मिळालाच नाही. घंटा वाजली, मशीन किंचाळलं आणि मध्येच गप्प झालं. कागद दोन बोटं बाहेर आला तो कोरा. "अर्धवट आला की परत यायचा नेहमी, म्हणून मी आठपर्यंत थांबलो रे," हे वाक्य तो रडत रडत पुन्हा पुन्हा बोलत होता. तेराव्या दिवशी याने लॅबमधून त्या शनिवारची यादी छापून आणली आणि सगळ्या नातेवाइकांसमोर त्याच्या पुढ्यात ठेवली. मेहुण्याचा नंबर, वेळ पाच बेचाळीस, पान एक, पाठवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? मशीनला काय तुझ्याशी वैर आहे, त्याने विचारलं. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याने कपाटात ठेवला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. वाचायला शिकली तशी तिने तोही वाचला.

त्याने सूचना पाठवायला सुरुवात केली. मोडेमच्या बारीक स्पीकरमधून नंबर फिरल्याचा आवाज, समोरची घंटा, मग शिट्ट्या आणि खरखर, मग शांतता. एकेक ओळ पडद्यावर उतरत गेली. पाठवला. पाठवला. दोन नंबर लागले नाहीत. तिथे 'उत्तर नाही' आलं. त्याला बरं वाटलं. जे झालं नाही ते झालं नाही म्हणून सांगणारं मशीन आपण केलं होतं.

साडेचारच्या सुमाराला बाई काचेआडून उठून आत आल्या.

"सर, त्या नाक्यावरच्या बालरोगवाल्यांकडे गेली का सूचना?"

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "चार बारा. पाठवला."

"त्यांच्याकडे नवीन मुलगी आहे. ती म्हणते, ते यंत्र एकदम ओरडायला लागलं म्हणून घाबरून तिने वायरच उपटली. कागद आलाच नाही म्हणते."

"आधी आला असेल. नंतर उपटली असेल."

"मशीन समोरच आहे म्हणते ती. कोरं आहे."

"तुम्ही फोन कशाला केलात पण?"

"सवय," बाई म्हणाल्या आणि परत काउंटरवर गेल्या.

त्याला राग आला. वायर उपटणाऱ्या मुलीचा, फोन करणाऱ्या बाईंचा, आणि चार बाराच्या त्या ओळीचा. त्याने प्रोग्रॅमची मूळ फाइल उघडली. ती नवीन मुलगी खोटं बोलते हे दाखवून द्यायला पाच मिनिटं पुरणार होती.

फॅक्सचं पान पाठवताना पाठवणाऱ्याला समोरचं काही ऐकू येत नाही. तो बोलतच राहतो. समोरचा लाइन सोडून गेला तरी याला पत्ता नसतो. म्हणून नियम असा, की पान संपलं की विचारायचं: मिळालं का? तीन सेकंद थांबायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. असं तीनदा. तीनदा विचारूनही उत्तर नसेल तर पान गेलं नाही असं धरायचं आणि थोड्या वेळाने नव्याने नंबर फिरवायचा. त्याने हे सगळं नियमाबरहुकूम लिहिलं होतं. कामाचा तो चोख होता, यात वाद नाही.

तिसऱ्या प्रश्नाच्या खाली मात्र चार ओळी जास्तीच्या होत्या.

त्याने त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. तीन वेळा उत्तर आलं नाही आणि लाइन तुटली, तर पान मिळालं असं समजावं. पुन्हा पाठवू नये. वर त्यानेच टीप लिहिली होती: 'तात्पुरतं. नंतर पाहू.' खाली तारीख.

मग त्याला सगळं आठवलं. काही स्वस्त मशीनं कागद छापून झाला की उत्तर न देताच लाइन सोडायची. प्रोग्रॅम बिचारा पुन्हा पाठवायचा. डॉक्टरांकडे एकाच रिपोर्टच्या तीन तीन प्रती जायला लागल्या आणि लॅबचे मालक त्याच्या नावाने शंख करू लागले. कुणी आपल्या कामाला नावं ठेवली की त्याला अन्न गोड लागत नसे. एका दुपारी त्याने या चार ओळी घातल्या. तक्रारी बंद झाल्या. कौतुकही झालं.

टिपेखालची तारीख त्या शनिवारच्या तीन आठवडे आधीची होती.

प्रत्येक दिवसाची एक वेगळी फाइल प्रोग्रॅम ठेवत असे. मोडेमला दिलेली प्रत्येक आज्ञा आणि त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर, वेळेसकट. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने छापून नेली होती ती नुसती यादी. ही फाइल उघडावी असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर गरजच वाटली नव्हती. दोष कुणाचा हे आधीच ठरलं होतं. फाइल उघडायला आताही फार वेळ लागला नाही. पाच एकेचाळीसला नंबर फिरवला. समोरचं मशीन बोललं. पान सुरू झालं, पान संपलं. मिळालं का? काही नाही. मिळालं का? काही नाही. मिळालं का? काही नाही. लाइन तुटली. आणि त्याखाली, पाच बेचाळीसला, त्याने लिहून ठेवलेला शब्द.

म्हणजे मेहुणा म्हणाला तसंच झालं होतं, अक्षरन् अक्षर. आठ वाजेपर्यंत तो ज्या दुसऱ्या फॅक्सची वाट पाहत बसला, तो येणार नाही अशी व्यवस्था याने तीन आठवडे आधीच करून ठेवली होती.

त्याने चष्मा काढला. काचा पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही. समोरच्या भिंतीवर, फोनच्या वर, एक पिवळा पडलेला छापील कागद टाचलेला होता. तोही त्याचाच. 'पडद्यावर पाठवला असे आल्यानंतर दवाखान्यात फोन करू नये. लाइन अडकते.' त्या काळी लॅबकडे फोनची एकच लाइन होती. प्रत्येक फॅक्सनंतर बाई फोन करून 'मिळाला का?' विचारायच्या आणि तेवढ्या वेळात मोडेम खोळंबायचा. बाईंची ती सवय त्याने मोठ्या कष्टाने मोडली होती.

"बाई," त्याने हाक मारली.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पर्स खांद्याला लावलेली होती. त्यांची सुटायची वेळ झाली होती.

"त्या शनिवारी... हिचा रिपोर्ट तुम्हीच लावला होतात ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे.

"मला वाटायचं, तुम्ही कधीतरी विचाराल. एकोणीस वर्षं गेली." त्यांनी पर्सचा पट्टा सारखा केला. "आकडा लाल शाईत होता. मी फोन उचलला होता हातात. मग म्हटलं, पडद्यावर पाठवला आलंय, सर ओरडतील. ठेवला."

त्याने चष्मा तसाच परत डोळ्यांवर चढवला.

"पण पोचला होता ना तो?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर छापून नेलात. मी मनाची समजूत घालते, की आपण फोन केला नाही तरी पोचला होता. पुढचं त्यांचं ते जाणोत."

"हो," तो म्हणाला. "पोचला होता."

"मग झालं तर. येते मी. सहाला लाइनवाले परस्पर बंद करतील, तुम्ही फक्त मशीन बंद करून किल्ली पहारेकऱ्याकडे द्या."

त्या गेल्या. हे खोटं आपण बाईंसाठी बोललो, असं त्याने स्वतःला सांगितलं. बाईंनी हा भार कशाला वाहायचा, त्या बिचारीचं काय चुकलं? हे बरोबरच होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात त्याचा जन्म गेला. पण निदान या वेळी झाकलेल्यावर त्याला दुसऱ्यावरच्या दयेचं पांघरूण मिळालं होतं.

सव्वापाच झाले होते. मेहुण्याला सांगायलाच हवं होतं. आणि आज, आत्ताच. सोमवारी तो जाणार. फोनवर बोलायला तोंड नव्हतं. त्याने कोरं पान उघडलं आणि लिहायला बसला. आधी मशीनांची हकीकत लिहिली: स्वस्त मशीनं, तीन तीन प्रती, मालकांचा आरडाओरडा, पहिल्या वर्गातल्या अडचणी. पान भरलं. वाचून पाहिलं तर एखाद्या वकिलाने लिहून दिल्यासारखं वाटलं. पुसलं. मग तीन ओळी लिहिल्या.

'त्या शनिवारी रिपोर्ट तुला मिळाला नव्हता. तू खरं बोलत होतास. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती.'

'माझ्या प्रोग्रॅमची' हे शब्द खोडून त्याने 'माझी' केलं. एवढं करायला त्याला वीस मिनिटं लागली. खाली नाव घातलं नाही. यादीत जाऊन एकेचाळिसाव्या नंबरावर खूण केली.

त्या चार ओळी अजून प्रोग्रॅममध्ये होत्या. काढायला दोन मिनिटं लागली असती. हे त्याच्या लक्षात होतं.

त्याने एंटर दाबलं. मोडेमने नंबर फिरवला. घंटा वाजली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या घंटेला कुणीतरी फोन उचलला आणि स्पीकरमधून, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, एक म्हातारा आवाज आला.

"हॅलो?"

आवाज मेहुण्याचा होता. एवढा म्हातारा कधी झाला हा?

"हॅलो, कोण बोलतंय?"

मोडेमने त्याच्या पद्धतीने एक लांब शीळ घातली.

"मी आहे रे," तो म्हणाला. मोडेमवर वाकून, मोठ्याने म्हणाला. मोडेमला बोलणं पोचवायची सोय नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"अच्छा, फॅक्स का?" पलीकडून आवाज आला. "थांबा हं, थांबा, लावतो. कागद आहे मशीनमध्ये. मी रोज बघतो. तोडू नका."

खट्ट झालं. पलीकडचं मशीन किंचाळलं, दोघांचं ठरलं, आणि स्पीकर बंद झाला. पान निघालं. आता काही ऐकू येणार नव्हतं. रोज बघतो म्हणाला. कुणी काही पाठवत नसताना एवढी वर्षं हा रोज मशीनमधला कागद बघत होता. तो खुर्चीचा दांडा घट्ट धरून पडद्याकडे पाहत बसला.

पान संपलं. मिळालं का?

तीन सेकंद गेले.

मिळालं का?

पलीकडून काही नाही.

मिळालं का?

लाइन तुटली. क्षणभराने यादीत शेवटची ओळ उतरली. मेहुण्याचा नंबर, वेळ पाच एकावन्न, पान एक, पाठवला.

स्वस्त मशीन असेल. कागद छापून न बोलता लाइन सोडणाऱ्यांतलं. किंवा म्हाताऱ्याचा हात चुकून भलत्याच बटणावर पडला असेल. जुना कागद अडकला असेल. काहीही झालं असेल. सहाला नऊ मिनिटं कमी होती. पुन्हा एकदा पाठवता आलं असतं. बाईंचा फोन हाताच्या अंतरावर होता. त्याने एकदा त्या फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्या वरच्या पिवळ्या कागदाकडे.

खिशातला मोबाइल वाजला.

"बाबा, मग? येताय ना रविवारी?"

"मी त्याला लिहिलंय," तो म्हणाला.

"कुणाला? मामाला?" तिचा आवाज एकदम बदलला. "काय लिहिलंत?"

"जे लिहायला हवं होतं ते. सगळं. आत्ताच फॅक्स केला."

मागे तिच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज थांबला.

"मिळाला का त्याला?" तिने विचारलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. पाच चौपन्न झाले होते.

"पाठवला, असं आलंय," तो म्हणाला.

हा शब्द मुलगी सात वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती.